दोन रेडिएटर आणि एक मानाची जागा

रेडिएटर भिंतीला लावतात, याबद्दल आमच्या घरात कधीच मतभेद नव्हते. प्रश्न एवढाच होता की कोणत्या भिंतीला. आणि आमच्या बैठकीच्या खोलीला भिंती चारच असल्यामुळे तो चहाचा एक पेला संपेपर्यंत सुटेल अशी माझी समजूत होती. शिवाय मी हमदानच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतो. वारे कुठून येतात, गरम हवा कुठे जाते, थंड हवा तिच्या जागी कशी घुसते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढकाढून सांगत आलो आहे. सैबेरियाचं हवामान ज्याला पाठ, त्याला स्वतःच्या बैठकीचं हवामान जमू नये असं काही कारण नव्हतं.

हा सगळा खटाटोप बीबीसाठी होता. बीबी म्हणजे माझी आई. ती डोंगरापलीकडे तुयसरकानला एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून तिचा पाय घसरला आणि शेजारणीने हाक ऐकली म्हणून ती उचलली तरी गेली. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. "हिवाळा तरी आमच्याकडे काढ," म्हणून मी फोनवर पिच्छा पुरवायचो आणि ती म्हणायची, "नको रे बाळा, उगीच तुम्हाला त्रास." आमच्याकडे ज्याला खरंच यायचं असतं तो आधी नको म्हणतोच, म्हणून मी सोडलं नाही. अख्खा उन्हाळा असा गेला. शेवटी पानगळ सुरू झाल्यावर एकदाची म्हणाली, "बरं, यलदाच्या आधी येते." यलदा म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाची, वर्षातली सर्वांत लांब रात्र. मी फोन ठेवला आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या. फरंगीस, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शेजारी काय म्हणतील?"

नेमकी त्याच सुमारास आमची बुखारी गेली. बुखारी म्हणजे बैठकीतली गॅसची शेगडी. शेजारच्या इमारतीने वर एक मजला चढवला आणि त्यांची नवी भिंत आमच्या धुराड्याच्या तोंडाशीच येऊन उभी राहिली. गॅसचा तपासनीस आला, त्याने धुराड्यात डोकं घातलं, काळा होऊन बाहेर आला आणि बुखारीच्या तोटीला सील ठोकलं. "झोपेत मरायचं नसेल तर रेडिएटर लावा," एवढं बोलून त्याने आमच्याच टॉवेलला तोंड पुसलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आतल्या झोपायच्या खोलीला रेडिएटर होताच, पाणी तापवायचा बंब स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. तिथून दोन नळ्या बैठकीत आणायच्या, एवढंच काम.

पण बंबावरचा भार वाढवायचा तर परवानगी लागते. मी गॅसच्या कचेरीत गेलो. बाहेर पाण्याचे नळ गोठले होते आणि आत रेडिएटर असे धगधगत होते की सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून कारकून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता. "या मास्तर, आपली पावलं आमच्या डोळ्यांवर!" तो उठून उभा राहिला. त्याने चहा मागवला, खडीसाखर पुढे केली, माझ्या शाळेची चौकशी केली, त्याची भाची माझ्याच वर्गात नापास झाली होती तेही हसत हसत सांगितलं, आणि मग म्हणाला, "बुखारी काढल्याचा दाखला आणा, लगेच परवानगी देतो."

"आणि बुखारी काढल्याचा दाखला कोण देतं?"

"मीच देतो की! फक्त खोली तापवायची दुसरी सोय झाली आहे, हे दिसलं पाहिजे."

"दुसरी सोय करायचीच तर परवानगी मागतोय."

"अगदी बरोबर बोललात," तो माझ्या हाताला हात लावत म्हणाला. "चहा आणखी घ्या ना."

इतक्या आदराने मला कोणी कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. मी तीन खेपा घातल्या आणि दर खेपेला पोट चहाने भरून घरी आलो. शेवटी त्याने वैतागून की भाचीचा विचार करून, कोण जाणे, दोन्ही कागद एकाच वेळी दिले आणि दोन्हीवर आदल्या आठवड्याची तारीख घातली. भाचीबद्दल मी काहीही कबूल केलं नाही, हे इथे स्पष्ट सांगतो.

मग रेडिएटर निवडणं आलं. दुकानदाराने आम्हाला दोन जाती दाखवल्या: सपाट पत्र्याचे आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांचे. सपाट लवकर तापतात, पात्यांचे हवी तितकी पाती जोडून लांब करता येतात. फरंगीसने दोन्हींकडे पाहिलं आणि विचारलं, "सायीच्या रंगात कुठले आहेत? आमचे पडदे सायीच्या रंगाचे आहेत." दुकानदार क्षणभरही न अडखळता म्हणाला, "खानूम, तुमच्यासारखी पारख असलेलं गिऱ्हाईक आलं की दुकानात जीव येतो." ऊब हा विषय तिथेच संपला. पात्यांचे ठरले. किती पाती, यावर मी तोंड उघडायच्या आत माझा मेहुणा कियूमर्सने उत्तर दिलं. कियूमर्स गाड्यांचे सुटे भाग विकतो. रेडिएटरशी त्याचा संबंध गाडीच्या बॉनेटखालचा, पण तो आत्मविश्वासाने बोलला. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर इंजिनियरसाहेब आहेत, त्यांना विचारू.

इथे माझी पहिली चूक झाली. इंजिनियर सोतूदे आयुष्यभर रस्ते खात्यात होते. त्यांनी घर कधी बांधलं नाही, पण निवृत्त इंजिनियर कोणत्याही विषयात इंजिनियरच राहतो. शिवाय ते आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. भिंतीला भोक पाडायचं तर त्यांची सही लागायची, म्हणजे त्यांचा सल्ला फुकट असला तरी नाकारता येण्यासारखा नव्हता. ते सपाता घालून खाली आले, खोलीची लांबी-रुंदी-उंची मोजली, खिडकी मोजली, माझ्याकडेही एक नजर टाकली, आणि कागदावर गणित करून कियूमर्सच्या जवळजवळ दुप्पट पाती सांगितली.

"आणि लावायचे कुठे?" मी विचारलं. "मला वाटतं, खिडकीखाली..."

"खिडकीखाली!" सोतूदे खुर्चीतून अर्धे उठले. "मास्तर, अलवंद डोंगर तापवायचाय का तुम्हाला? सगळी ऊब काचेतून बाहेर!"

"जगभर खिडकीखालीच लावतात," कियूमर्स म्हणाला.

"जगाला माझी सही लागत नाही."

खरं तर बरोबर कोण होतं ते मला माहीत होतं. थंड हवा काचेवरून खाली घसरते, ती तिथल्या तिथे अडवायची असते. हे मी मुलींना समुद्राकाठच्या वाऱ्यांच्या धड्यात शिकवतो. पण वर्गात मुली गप्प बसतात, घरात कोणी बसत नाही. फरंगीस म्हणाली, "माझे पडदे जमिनीपर्यंत आहेत. त्यांना काय आता गुडघ्यापर्यंत खोचू?" आणि मग तिने जो मुद्दा काढला त्यापुढे आम्ही सगळेच गार झालो.

"आणि बीबी बसणार कुठे? वरच्या अंगाला, खिडकीखालीच ना? त्यांच्या पाठीला लोखंड टोचू द्यायचं?"

आता आमच्याकडे खोलीचं वरचं अंग म्हणजे दारापासून सर्वांत लांबची जागा, हे काही मी सांगायला नको. तिथे घरातलं मोठं माणूस बसतं. दाराशी, जोड्यांजवळ, जावई, धाकटे आणि नम्रतेचं ढोंग करणारे पाहुणे. आमच्या खोलीत दाराच्या समोरची भिंत म्हणजे खिडकीची. तिथे बीबीची गादी, पाठीला लोड, बाजूला तिची जपमाळ. त्या जागेत रेडिएटर घुसवायचा विचार माझ्या मनात आला याचीच मला लाज वाटली. सोतूदेसाहेबही म्हणाले, "वा खानूम, याला म्हणतात संस्कार!" आणि त्यांनी सही केली.

नळकाम करायला यावर नावाचा उस्ताद आला. त्याला काहीही विचारलं की तो म्हणायचा, "मालक तुम्ही, घर तुमचं, मी तुमचा पाय-पुसणं." मग तो नळी जिथे कमी लागेल तिथे जायचा. स्वयंपाकघराची भिंत दाराला लागून, म्हणून मोठा रेडिएटर दाराशेजारी. दुसऱ्यासाठी एकच मोकळी भिंत उरली, ती सोफ्याच्या मागची. सोफा पुढे ओढायला फरंगीस तयार नव्हती, कारण सोफ्याखाली गालिच्याचा रंग वेगळा राहिला होता. त्यामुळे दुसरा रेडिएटर सोफ्याच्या पाठीला लागला आणि सोफ्याची पाठ आजही हमदानमधली सर्वांत सुखी पाठ असेल.

भोक पाडताना यावरचं यंत्र भिंतीच्या पलीकडे फडताळात निघालं, तिथल्या डाळीच्या बरणीतून पार झालं आणि स्वयंपाकघरात मसुरीचा पाऊस पडला. "शकुन आहे," यावर म्हणाला. पाणी सोडलं तेव्हा नळ्यांतली हवा काढायची होती. कियूमर्स गुडघ्यावर बसून, तोंड अगदी तोटीजवळ नेऊन, "हळू, हळू, अर्धा आटा," असं शिकवत होता. यावरने पूर्ण आटा दिला. काळंकुट्ट पाणी सुसाट निघालं आणि मेहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दाढीवर आणि फरंगीसच्या आईने दिलेल्या गालिच्यावर पसरलं. कियूमर्सने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं, अर्धा." मग खोली तापली. आम्ही सगळे दाराशी उभे होतो, तिथेच ऊब छान लागत होती, आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

बीबी आली ती अक्रोडांची पिशवी, शिरक्याची बाटली आणि दुखरा गुडघा घेऊन. मी तिचा हात धरून थेट खिडकीखाली नेलं. ती म्हणाली, "अरे, इथे कशाला, मी बसते की इकडेच दाराशी."

"दाराशी? लोक काय म्हणतील? आई आली आणि तिला जोड्यांशेजारी बसवलं!"

"बरं बाई, बरं," ती बसली. फरंगीसने तिच्या मागे लोड सारले.

"गरम आहे ना, बीबी?"

"स्वर्ग आहे रे स्वर्ग."

यलदाच्या संध्याकाळी घर भरलं. डाळिंबं, कलिंगड, सुका मेवा, सगळं बीबीच्या पुढ्यात मांडलं. आमच्याकडे पाहुणा वरच्या अंगाला बसायला कधीच लगेच तयार होत नाही, हे खरं. पण त्या दिवशी दाराशी बसायची नम्रता सगळ्यांच्या अंगात एकदमच संचारली. सोतूदेसाहेब म्हणाले, "नको नको, मी इथेच बरा." त्यांची बायको त्यांना चिकटून बसली. कियूमर्सने आधी कोट काढला, मग स्वेटर, मग कपाळाचा घाम टिपत मला म्हणाला, "आगा नुसरत, मानलं तुम्हाला, काय खोली तापलीय!" वरच्या अंगाला एकटी बीबी, दोन शाली पांघरून, डाळिंबाचे दाणे सोलत. तिची बोटं लाल झाली होती. मला वाटलं, डाळिंबाने.

त्यानंतर बीबीने एक नवीनच खूळ घेतलं. दर थोड्या वेळाने उठायची, गुडघा धरत दाराशी जायची आणि जोडे लावत बसायची. माझे, फरंगीसचे, एका रेषेत, टाचा भिंतीकडे. लावून झाले की पुन्हा मोडायची आणि पुन्हा लावायची. कधी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे पेले विसळायला घ्यायची. फरंगीसचं तोंड उतरलं. "अहो, मी पेले नीट धुत नाही असं वाटतंय का त्यांना?" मी बीबीवर पहिल्यांदाच आवाज चढवला. "बीबी, तू या घरात जोडे लावणार? पेले विसळणार? आमची काही अब्रू आहे की नाही?" आणि तिला दंडाला धरून पुन्हा खिडकीखाली बसवलं. तिने शाल ओढून घेतली आणि म्हणाली, "रिकाम्या हातांना काहीतरी लागतं रे." मी शाळेत सहकाऱ्यांना सांगितलं, वय झालं की माणूस असं करतं.

थोड्याच दिवसांत तिला खोकला लागला. मग एका सकाळी तिने आपली पिशवी बांधलेली दिसली. "शेजारीण एकटी पडली असेल," ती म्हणाली. "कोंबड्यांचंही बघायला हवं." कोंबड्या तिने दोन वर्षांपूर्वीच विकल्या होत्या. मी बोललो, रुसलो, गुडघ्याची आठवण दिली, अंगणातल्या बर्फाची दिली. "पायाखाली राख टाकते मी, काळजी करू नकोस," ती म्हणाली. फरंगीस रडली. बीबीने तिचे डोळे पुसले, "तुझ्या घरात मला राणीसारखं ठेवलंस गं," आणि गेली.

ती पोचली का ते विचारायला मी फोन लावला, तेव्हा सहज तिच्याच गादीवर टेकलो. तिकडून तिचा आवाज आला. ती तिच्या जुन्या कोर्सीत बसली होती, म्हणजे बुटक्या चौरंगाखाली निखारे, वरून गोधडी आणि पाय आत. ती सांगत होती, इकडे फार गार आहे, तुमच्या खोलीची फार आठवण येते, काय ऊब होती ती. आणि इकडे माझ्या मानेवर कोणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. काचेवरून थंडी सरळ खाली उतरत होती, पडद्यातून, लोडातून, सदऱ्यातून. गादी ओलसर गार. मी पलीकडे दाराकडे पाहिलं. तिथे रेडिएटर, आणि त्याच्यापुढे जोडे, टाचा भिंतीकडे. मग मला सगळं कळलं. ती जोडे लावत नव्हती. हात शेकत होती. आणि मी तिला दंडाला धरून उठवलं होतं, अब्रूच्या नावाने.

"बीबी," मी म्हटलं, "तुला थंडी वाजत होती?"

"छे रे! स्वर्ग होता."

मी भूगोलाचा शिक्षक. माझ्या आईला मी माझ्याच घरात, सगळ्यांदेखत, सर्वांत मानाच्या जागेवर बसवून गारठवलं. आणि तिच्या तोंडून कुरकुरीचा एक शब्दही निघाला नाही, कारण तिने तोंड उघडलं असतं तर मान माझा गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी सोतूदेसाहेबांच्या दारात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा न घेता बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, सही केली, आणि म्हणाले, "खिडकीखालीच लावायला हवा होता, मी तेव्हाच म्हणणार होतो." उस्ताद यावर पुन्हा आला, पुन्हा माझा पाय-पुसणं झाला, आणि या वेळी नळी लांबवताना त्याने डाळीची बरणी आधी हलवली. फरंगीसने कोणी काही न सांगता कात्री घेतली आणि सायीच्या रंगाचे पडदे खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत कापले. शिवताना ती नाक ओढत होती. मोठा रेडिएटर दाराशेजारून उचलून खिडकीखाली बसवला, पुढे लाकडाची जाळी, जाळीपुढे बीबीची गादी. आता तिथे बसलं की पाठ शेकून निघते, गुडघ्यापर्यंत ऊब येते.

आम्ही तिथे बसत नाही. कसे बसणार? ती बीबीची जागा. मी, फरंगीस आणि आला तर कियूमर्स, तिघे दाराशी, जिथे आता काहीच नाही, स्वेटरांवर कोट घालून बसतो आणि समोरची तापलेली गादी बघतो. कियूमर्स एकदा म्हणाला, "कोणीतरी जा ना तिकडे, ऊब वाया जातेय." पण तोही जागचा उठला नाही.

काल मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. रेडिएटर हलवला, पडदे कापले, तुझी गादी आता गरम आहे, मी स्वतः गाडी घेऊन येतो, पुन्हा बर्फ पडायच्या आत निघू. मी श्वास घ्यायला थांबलो. मला वाटलं आता "नको रे बाळा" येईल, मग मी आग्रह करीन, रागावीन, पुन्हा आग्रह करीन. मी त्याची तयारी करून बसलो होतो.

"येते की," बीबी लगेच म्हणाली. "का नाही येणार? नक्की येते."

मी फोन ठेवला. फरंगीस माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाल्या?"

"येते म्हणाली. पहिल्याच झटक्याला."

फरंगीसने हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे नाही यायच्या," ती म्हणाली.